मानाचा खलिता ज्याच्या दारी

आरंभी क्रुसाची खूण कपाळी, छातीवर आणि दोन्ही खांद्यांवर करून, पित्यास, पुत्रास व पवित्र आत्म्यास नमन करून, आणि जे हयात आहेत त्यांस भीत भीत व जे मृत जाहले त्यांस निर्भयपणे वंदन करून लिहिणार लिहितो ऐसे जे: शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरी, कार्तिक शुद्ध प्रतिपदेस, जे दिवशी इंग्रजी नोव्हेंबरची दुसरी तारीख म्हणजे मृतांचा दिवस होता आणि लोक कबरस्तानात मेणबत्त्या लावून परतत होते, ते दिवशी एका राज्यात भयाचा मोठा प्रसंग गुदरला. राज्य म्हणजे समुद्रकिनारी केळीच्या बागांत वसलेले कॅथलिक मिशनचे हायस्कूल. तीन कौलारू इमारती, एक घंटा, एक क्रीडांगण, ऐसा मुलूख. गादीवर फादर जेरोम, प्रिन्सिपल, बहुत सात्त्विक आणि बहुत घाबरट. माजी विद्यार्थी मंडळ हा दरबार, आणि दरबाराचे कारभारी बावतीस मास्तर, ज्यांनी तीस साल चित्रकला शिकविली आणि एकाही विद्यार्थ्यास सरळ रेघ आली नाही. राज्याचे नाव लिहीत नाही, कारण लिहिणारास त्याच गावात राहणे आहे.

या राज्याची चाल ऐसी की, दरसाल जानेवारीत एका माजी विद्यार्थ्यास सेवेच्या व कर्तबगारीच्या आयुष्याबद्दल शाल, मानपत्र आणि लाकडी क्रूस देऊन गौरवावे, आणि त्याआधी दोन महिने पिवळ्या लिफाफ्यातून खलिता धाडून त्यास कळवावे. चाल उत्तम. परंतु पहिल्या साली आदिवासी पाड्यावर चाळीस वर्षे शिकविणारे दुमिंग मास्तर गौरविले आणि ते ईस्टरपूर्वी वारले. मग मठातली एक सिस्टर गौरविली, ती पावसाळ्यात वारली. मग गरिबांचे खटले फुकट लढणारे कैतान वकील गौरविले, त्यांनी शाल पांघरली आणि अकराव्या दिवशी त्याच शालीसह शवपेटीत निजले. याप्रमाणे सात सालांत सात माणसे गौरविली आणि सातही माणसे साल पुरे न होता मातीस मिळाली. पहिल्या दोघांस लोक म्हणाले, कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ. चौथ्यास कोणी काही म्हणाले नाही. सातव्यानंतर राज्यात म्हणच पडली की, शाल खांद्यावर, माती पायाशी.

मग काय विचारता! नोव्हेंबर लागला की राज्यातील थोर थोर मंडळींची पाचावर धारण बसू लागली. एक फौजेतले सुभेदार, ज्यांनी बर्फात शत्रूच्या तोफा ऐकिल्या, ते शाळेचा शिपाई इंत्रू सायकलीवरून येताना पाहोन अंगणातून म्हणाले, "इंत्रू, आमच्या घरी कोणी कर्तबगार नाय रे, पुढच्या घरी बघ." एक दंतवैद्य मोरीत लपले आणि आत शिरताना स्वतःचा दात पाडोन बसले, आणि इंत्रू आला होता तो आपल्या लेकीच्या लग्नाचे आवतण घेऊन. बायका नऊ दिवसांची नोवेना-प्रार्थना करू लागल्या की, हे माते, आमच्या माणसास चांगला ठेव परंतु फार चांगला ठेवू नको. लिहिणार स्वतः त्या शाळेत दहावीस दोनदा नापास जाहला, म्हणोन मानास सर्वथा अपात्र, तरी सायकलीची घंटा वाजली की त्याच्याही काळजात धस्स होई. हे लपवून काय उपयोग?

तर त्या मृतांच्या दिवशी दोन प्रहरी इंत्रू सिसिलबाई लोपीस यांच्या दारी उभा राहिला आणि त्याने खलिता पुढे केला, तो हात लांब करून, जणू विस्तव देतो आहे. सिसिलबाईंची हकीकत ऐसी. वय अडुसष्ट. कुष्ठरोग्यांच्या इस्पितळात चौतीस वर्षे परिचारिका, ज्या जखमा पाहोन घरचे लोक तोंड फिरवीत त्या जखमा बाईने रोज धुतल्या. निवृत्त जाहल्यावर गावात घरोघर दुखणेकऱ्यांस इंजेक्शन देणे, उशी नीट करणे, आणि दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी फादर आजाऱ्यांस घरी कम्युनियनचा प्रसाद देण्यास जात तेव्हा सोबत जाणे. शेजारणी कुंपणाशी जमल्या आणि रडू लागल्या. एक म्हणाली, "बाय, परत पाठव गो तो लिफाफा. अजून फोडला नाय तर लागू होत नाय." बाई मात्र मोठ्याने हसल्या आणि लिफाफा फोडला आणि म्हणाल्या, "येड्या हाय तुम्ही सगळ्या. कागदानं माणूस मरतो काय?"

बाई हसल्या, कारण बाईस राज्याचे गुपित ठाऊक होते. ते गुपित ऐसे. आठ सालांमागे राज्याने एका थोर डॉक्टरास मरणोत्तर गौरविले, आणि त्यांच्या विधवेने शाल घडी करून परत दिली आणि म्हटले, "त्यांना थंडी वाजत होती तेव्हा कुठे होतात?" दरबार बहुत ओशाळला. मग मसलत होऊन ठराव जाहला की, मान जित्या माणसासच द्यावा आणि जो जाण्याच्या बेतात आहे त्यास आधी द्यावा, नाहीतर राहून जातो. परंतु बेतात कोण, हे कोणी सांगावे? तर पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांच्या उशाशी जाणाऱ्या सिसिलबाईंनी. म्हणोन दर सप्टेंबरात बावतीस मास्तर बाईंकडे चहास येत आणि बशीत फुंकर मारीत पुसत, "बाय, या साली कोण?" आणि बाई एक नाव सांगत. फादर, मास्तर आणि बाई, तिघांपलीकडे हे कोणास माहीत नाही ऐसा तिघांचा समज होता, ना दुखणेकऱ्यास, ना त्याच्या घरच्यांस. मानाने कोणी मेले नव्हते. मरणारासच मान मिळत होता. ऐसा सगळा उलटा प्रकार.

बाईने खलिता वाचला आणि त्याची घडी केली आणि चहाचे आधण ठेविले, आणि आधणाकडे पाहता पाहता बाईच्या तोंडचे पाणी पळाले. कारण या सप्टेंबरात मास्तर चहास आले नव्हते. मग नाव कोणी सांगितले? बाई चुलीपाशी उभीच राहिली. मग बाईस आठवले की, पोलक्याच्या बाह्या दोनदा आत घेतल्या, आणि जेवण निम्मे जाहले, आणि जुलैत पोटात कळ येऊन शहरच्या इस्पितळात नळकांड्याच्या यंत्रात घालून फोटो काढिले, आणि रिपोर्ट आणावयास नवरा फरसू एकटा गेला आणि येऊन बोलला की, गॅस आहे. आणि चौतीस वर्षे दुसऱ्यांचे रिपोर्ट वाचणाऱ्या बाईने आपला रिपोर्ट पाहावयास मागितला नाही. का मागितला नाही? भिऊन मागितला नाही. दुसरे कारण नाही.

बाई तशीच चप्पल घालून मास्तरांकडे गेली. मास्तर बाईस पाहोन खुर्चीतून उठले आणि परत बसले आणि परत उठले. बाईने पुसिले, "मास्तर, माझं नाव कुणी दिलं?" मास्तर म्हणाले, "मला इचारू नको बाय. मी क्रुसावर हात ठेवून शपथ घेतलीय." आणि त्यांनी बाईच्या तोंडाकडे पाहिले नाही, चपलांकडे पाहिले. बाई म्हणाली, "बरं," आणि घरी निघाली. वाट दहा मिनिटांची, परंतु त्या दिवशी बाईस अर्धा तास लागला. बाईने सातशे माणसांचे डोळे मिटले असतील, तरी आपले डोळे मिटतील ही गोष्ट बाईस त्या वाटेवर प्रथमच खरी वाटली, आणि कुंपणाची जास्वंद, कुत्रे, वाळत घातलेली चादर, प्रत्येक वस्तूचे भय वाटू लागले, की हे सर्व येथेच राहणार.

फरसू ओसरीवर केळीच्या खोडाचे सोप, म्हणजे पदर, सोलीत बसला होता. एकाहत्तर वर्षांचा, कमी बोलणारा, बागाईतदार माणूस. बाई समोर पाटावर बसली आणि म्हणाली, "डॉक्टर काय बोलला ते आता बोला."

फरसूने सोप खाली ठेविला. मग म्हणाला, "एक वर्ष. लय तर दीड."

"कधी बोलला?"

"जुलैत."

"आणि माझं नाव तुमी दिलं."

"मग कोण देणार? दर सप्टेंबरात मास्तर चहाला आले की तुमचं बोलणं ओसरीवर ऐकू यायचं. मला वाटलं, तुझं राहून जाईल."

बाई म्हणाली, "मला का नाय सांगितलं? मी नर्स हाय. माझं शरीर हाय."

तेव्हा फरसू, जो सासू मेली तेव्हाही रडला नव्हता, तो रडू लागला आणि म्हणाला, "तूच शिकवलंस गो. तूच सांगायचीस, आजाऱ्याला सांगू नये, रोगाच्या आधी भीती मारते. सात जणांना तू हसून सांगितलंस, तुमच्या सेवेचा मान हाय म्हणून. मी तुझ्यावाणीच केलं. मला हसता नाय आलं, येवढंच."

मग बाईस कैतान वकील आठवले, ज्यांनी शाल घेतल्या रात्री बाईचा हात धरून पुसिले होते की, बाय, तू पण भितेस काय? आणि बाईने ते तापात बरळतात ऐसे समजोन उशी पालथी केली होती. ते बरळत नव्हते. त्यांस सर्व कळले होते आणि बोलावयास कोणी हवे होते. सातांनीही बाईकडे याच पुसत्या डोळ्यांनी पाहिले होते. बाईने फरसूस पुसिले, "जुलैपासून तुमी एकटेच भ्यालात?" फरसूने मान हलविली. बाई उठून त्याच्या बाजूस बसली आणि दोघे मिळून भ्याली.

मग पौष मासी, जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी, दरबार भरला. हॉलमध्ये मंडळी दाटली, परंतु प्रेमाने थोडी आणि कुतूहलाने बहुत. पहिल्या रांगेत सिसिलबाई आणि फरसू, आणि त्यांच्या दोन्ही बाजूंस खुर्च्या रिकाम्या, कारण शालीच्या जवळ बसावयास कोणाची छाती होईना. फादर जेरोम मानपत्र वाचू लागले की, आपण दीपस्तंभ, आपण चंदन, आपण झिजलात आणि राज्य सुगंधित केले. तों बाई जागेवरून बोलली, "फादर, थांबा. हे चंदन कैतानच्या कागदात पण होतं. दुमिंग मास्तरांच्या पण."

फादरांनी कागद खाली केला. बाई उठोन लोकांकडे वळली आणि म्हणाली, "लोकहो, शालीला भिऊ नका. शाल कुणाला मारत नाय. जो मरणार हाय त्यालाच ही देतात. सात वर्षं नावं मी दिली. मला माहीत होतं, त्यांना सांगितलं नाय, त्यांच्या घरात सांगितलं नाय. या वर्षी माझं नाव माझ्या घरधन्यानं दिलं. मला पोटाचा कॅन्सर हाय."

मग मागून एक बाई उठली. ती नातालीन, कैतान वकिलांची विधवा. ती म्हणाली, "सिसिल, तुला माहीत होतं?" बाई म्हणाली, "होय." नातालीन म्हणाली, "मी त्या अकरा दिवसांत दोन दिवस माहेरी गेले. भावाच्या नव्या घराची घरभरणी होती म्हणून. सांगितलं असतंस तर मी पाय काढला असता काय त्या घरातून?" बाई म्हणाली, "नसता काढला." ज्या प्रश्नास बाई दोन महिने भीत होती तो हाच. मरणाचे भय याच्यापुढे थोडे.

नातालीन खुर्च्यांमधून पुढे येऊ लागली. लोक वाट सोडू लागले. फादरांनी डोळे मिटून घेतले. मास्तर पडद्यामागे गेले. लिहिणारास वाटले की, आता मुस्काटात वाजते, आणि वाजली तरी न्याय आहे. नातालीन पहिल्या रांगेपाशी येऊन सिसिलबाईसमोर उभी राहिली, आणि दोघींनी एकमेकींस पाहिले. मग नातालीन म्हणाली, "माफ केलं असं समजू नको." आणि शेजारची रिकामी खुर्ची ओढून तीत बसली आणि म्हणाली, "बस खाली. पाय कापतायत तुझे." आणि सिसिलबाई बसली, आणि नातालीनने तिचा हात आपल्या मांडीवर घेऊन धरून ठेविला, आणि फादरांस म्हणाली, "वाचा पुढं. आणि चंदन सोडून हिनं खरं काय केलं ते वाचा." कागदावर तसे काही लिहिलेले नव्हते. तेव्हा मागील रांगांतून लोकच एकेक उठोन सांगू लागले, आणि ते सांगणे संपण्यास दिवे लागणीची वेळ जाहली.

येणेप्रमाणे हकीकत. त्यानंतर दरबाराने ठराव केला की, मान धडधाकट माणसास द्यावा आणि दुखणेकऱ्यास खरे सांगावे. दुसऱ्या साली खलिता रुग्णवाहिका चालविणाऱ्या एका सव्वीस वर्षांच्या मुलीस गेला, आणि सर्व ठाऊक असूनही तिच्या आईने इंत्रूस पाहोन दार लाविले ते लाविलेच. भय ऐसे ठरावाने जात नाही. हे लिहितेसमयी सिसिलबाई हयात आहे. पोटात दुखते, जेवण चार घास, नातालीन रोज संध्याकाळी येते आणि अद्याप माफ केले नाही. आणि कोणी पुसिले की, बाय, भितेस काय, तर बाई उशी पालथी करीत नाही. होय, भिते, ऐसे सांगते आणि पुसणारास जवळ बसवून घेते.