नाना उत्तरेला निघाले

अभिमन नानांनी माकडटोपी घालून आरशात पाहिलं आणि नेमके त्याच वेळी मिश्रीलाल शेठ तुपाचा डबा घेऊन दारात उभे राहिले. मार्च महिना, अमळनेर तालुक्यातली भर दुपार, बाहेर ऊन असं की कुत्रंसुद्धा पाण्याच्या टाकीखालून हलत नव्हतं, आणि नाना कानापर्यंत लोकरीत. गावातला एकमेव किराणा दुकानदार हे असं काही पाहून गप्प बसला असता, तर गावाला त्याचा उपयोग काय?

"नाना, ताप येल शे का?" शेठनी विचारलं. राजस्थानातून आलेलं त्यांचं घराणं, पण चार पिढ्यांत गावातलंच झालेलं.

नानांनी तोंड उघडायच्या आत रत्नाबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "ताप नही शेठ. आम्ही उत्तरले चालनूत."

बस्स. बाई एवढंच बोलल्या. पुढचं सगळं रामायण या एका वाक्यातून घडलं.

खरं म्हणजे ते चालले होते मनालीला. नानांची सारी नोकरी एसटीच्या स्टँडवर कंट्रोलर म्हणून गेली. 'धुळे, साक्री, नवापूर, सुरत' अशा गाड्या ते पुकारायचे, लोक त्यात बसून जायचे आणि नाना तिथेच धूळ खात उभे. दुसऱ्यांना गावोगाव धाडणारा माणूस, पण स्वतः कधी तापीच्या पलीकडे धड गेला नाही. बर्फ पाहिला तो रसवंतीवरच्या पोत्यातला. डोंगरावरचा, कुणी न आणलेला, आपोआप पडलेला बर्फ एकदा हातात धरायचा, ही त्यांची एकच इच्छा उरली होती. पुण्याच्या दीपकने, म्हणजे त्यांच्या मुलाने, ती ओळखून तिकिटं काढली, हॉटेल ठरवलं. खोलीच्या खिडकीतून डोंगर दिसतो म्हणे. त्या खिडकीच्या फोटोकडे नाना रोज जेवणाआधी पाहत.

"मनाली सांगितलं असतं तर काय झालं असतं?" शेठ गेल्यावर नाना म्हणाले.

"काय झालं असतं! तठे नवा लगीनना पोरं-पोरी जातस. या वयमा आपण मनालीले चालनूत म्हंता बठ्ठा गाव हसाव. माले सुना येतीन, जावई येतीन. तोंड कोठे लपाडू?"

नानांना ते पटलं. तेवढी लाज त्यांनाही होतीच. पण गावात म्हातारं जोडपं 'उत्तरेला' निघालं, याचा अर्थ एकच होतो. संध्याकाळी नाना पारावर गेले तर लोक उठून उभे राहिले. कालपर्यंत 'काय नाना, चहा पाजतस का' म्हणणारे आज पायाला हात लावू लागले.

"पुण्यवान शेतस नाना! हरिद्वार सोपं नही!"

नाना 'अहो, तसं नाही' म्हणायला गेले आणि थांबले. तसं नाही, तर मग कसं? ते सांगायचं म्हणजे मनाली सांगायची. नाना नुसते हसले. त्यांच्या हसण्यात गावाला वैराग्य दिसलं.

दुसऱ्या दिवशी चौकात फलक लागला. 'तीर्थयात्रेस हार्दिक शुभेच्छा', खाली हात जोडलेले नाना, बाजूला शंकर आणि वाहती गंगा. मग टॉवेल-टोप्या आल्या, नारळ आले, रत्नाबाईंना साड्या आल्या. आणि त्यामागून आले रिकामे कॅन. ज्याला-त्याला गंगाजळ हवं होतं. "जास्त नही नाना, मरताना तोंडमा टाकापुरतं," असं म्हणत मिश्रीलाल शेठनी तेलाचा पाच लिटरचा कॅन धुऊन आणला. एवढं पाणी पिऊन माणूस मरणार कसा, असं नानांच्या मनात आलं.

सगळ्यांत शेवटी नानांची थोरली बहीण भिकुबाई, म्हणजे अक्का, आली. तिच्या हातात फडक्यात बांधलेलं एक गाडगं होतं. नानांनी ते ओळखलं. आत अस्थी होत्या.

"अभिमन, तुन्हा दाजी इतला वरीसपाईन वावरमा पिंपयले टांगेल शेतस. गंगाले कोणीच जाये ना. आते तूच त्यासले सोडी ये भाऊ." अक्का पदर डोळ्यांना लावून रडू लागली.

दाजी, म्हणजे अक्काचे मालक, जिवंत होते तेव्हा त्यांनी नानांचं एकही काम सरळ होऊ दिलं नव्हतं. नानांच्या लग्नात ते रुसून मंडपातून उठून गेले होते आणि सगळं वऱ्हाड त्यांना शोधत नदीपर्यंत पळालं होतं. आता गाडग्यात बसूनही त्यांनी बरोबर मुहूर्त साधला. बहिणीला नाही म्हणता येईना. नानांनी गाडगं घेतलं.

रात्रभर विचार करून नानांनी वाट काढली. जळगावहून दिल्ली, दिल्लीहून आधी हरिद्वार. तिथे सकाळी दाजी, संध्याकाळी मनालीची बस. एकच दिवस जाईल. खिडकी शाबूत राहील. कॅन परतीच्या वाटेवर पाहू.

बिचारे नाना! माणूस एसटीत जन्म काढतो, तरी गाड्या ठरल्यासारख्या सुटतील असं त्याला वाटतंच.

हरिद्वारला सकाळी पंड्याने मंत्र म्हटले, दाजी गंगेत गेले. पाणी एवढं गार होतं की नानांना वाटलं, वर कुठेतरी बर्फ नक्की आहे, अगदी जवळ आहे. आयुष्यात पहिल्यांदा दाजींच्या एखाद्या कार्यात त्यांना आनंद झाला. ते उत्साहाने मागे वळले आणि पाहतात तो काय, रत्नाबाईंनी सगळे कॅन भरून ओळीने मांडलेले.

"अगं, हे आत्ता कशाला भरले? परत येताना भरायचे होते!"

"परतीले गाडी चुकनी, तर गावले काय तोंड दाखाडू?"

"बरं. चला, बस सुटेल."

रत्नाबाई जागच्या हलल्या नाहीत. "गंगा लईसन मनालीले? नवा नवरा-नवरीसना हाटेलमा खाटखाले गंगा ठेवू? माले नरकमा धाडतस का?"

"मग इथेच धर्मशाळेत ठेवू."

"कोणी बदली टाकं म्हंजे? शेठना तोंडमा मरताना नळनं पाणी जाई! ते पाप कोणले?"

"मग परत ओत ते गंगेत!" नाना ओरडले.

"वाढेल ताट परत पातेलामा टाकतस का कोणी?"

नाना घाटाच्या पायरीवर मटकन बसले. समोर गंगा, पाठीशी गंगा, कॅनमध्ये गंगा. बायको म्हणत होती ते चूक आहे असं एकाही मुद्द्यावर म्हणता येत नव्हतं, आणि ह्याचंच त्यांना रडू येत होतं. गंगाजळ घेतलं की सरळ घर गाठायचं, वाटेत मौजमजा करायची नाही, हे त्यांची आईही सांगायची.

तेवढ्यात पंडा आला. "यजमान, गंगा किनारे कुछ छोड़कर जाना होता है. जो सबसे प्यारा हो."

रत्नाबाईंनी ताबडतोब ओंजळीत पाणी घेतलं आणि कारलं सोडलं. कारलं त्यांनी लग्न झाल्यापासून चाखलेलं नव्हतं. पंड्याने नानांकडे पाहिलं.

"आप क्या छोड़ते हैं?"

"मनाली!" नाना कडाडले. "मनाली सोडली! झालं समाधान?"

पंड्याने शांतपणे त्यांच्या हातावर पाणी घातलं, मंत्र म्हटला आणि ते पाणी गंगेत सोडायला लावलं. रागाच्या भरात नानांनी ते सोडलंही.

त्याचा अर्थ त्यांना परतीच्या गाडीत कळला. गाडीने भुसावळ सोडल्यावर नाना जरा निवळले. म्हणाले, "यंदा नाही तर नाही. पुढच्या वर्षी जाऊ."

रत्नाबाईंनी दचकून त्यांच्याकडे पाहिलं. "जाता येस का आते? गंगावर सोडेल चीज जनमभर घेता येत नही."

नानांनी माकडटोपीची घडी करून ती पिशवीच्या तळाशी कोंबली.

गावच्या स्टँडवर बँड होता. कॅन डोक्यावर घेऊन मिरवणूक घरी आली, आणि यात्रा केली म्हणजे मावंदं आलंच. चुलीवर पातेली चढली, सगळा गाव जेवायला बसला, नानांच्या पायावर डोकी टेकू लागली. नाना एखाद्या नैवेद्यासारखे मधोमध बसून होते. त्याच वेळी दीपक पुण्याहून येऊन थडकला आणि भर पंगतीत त्याने पाकीट काढलं.

"नाना, तुमचं मनाली राहिलं ना माझ्यामुळे? मीच नीट आखायला हवं होतं. मे महिन्याचं परत बुकिंग केलंय, दोघांचं. तीच खोली, तीच खिडकी. यावेळी रद्द होत नाही हं!"

पंगतीतले घास थांबले. मनालीचं गुपित फुटलं होतं, पण कुणी हसलं नाही. रत्नाबाईच खाली मान घालून म्हणाल्या, "त्यासनी मनाली गंगावर सोडी दिन्ही."

गाव गहिवरला. मनाली कोण सोडतं? पण नानांनी सोडली! मिश्रीलाल शेठचे डोळे पाणावले. मग व्यवहाराचा प्रश्न आला, की भरलेले पैसे फुकट घालवायचे का? रत्नाबाईंनी सोडलं होतं कारलं. त्यांना मनाली मोकळी होती. सोबतीला कोण? अक्काने विचारलं, "तठे कोणता देव शे?"

"देव नाही अक्का," नाना कसेबसे म्हणाले. "बर्फ आहे."

"मंग जासू मी," अक्का म्हणाली.

मे महिन्यात दुपारी फोन आला, व्हिडिओचा. नानांच्या ओसरीवर सगळा गाव गोळा झाला. नानांनी फोन उचलला. पण चित्र दिसायच्या आत शेठनी त्यांचा हात धरला. "नाना! सोडेल चीजकडे देखतस का?"

लोकांनीही माना हलवल्या. एवढं पुण्य एका नजरेसाठी वाया घालवायचं? फोन दुसऱ्या कुणाकडे द्यावा, तर तो हलवत होता. नानांचा हात स्थिर, वर्षानुवर्षं गाड्यांना हात दाखवलेला. म्हणून नानांनीच तो उंच धरला, पडदा गावाकडे आणि पाठ स्वतःकडे.

"अभिमन, देखी राहिना ना?" अक्काचा आवाज आला. "आरे, हाऊ बर्फ कितला मऊ शे! कापूसना मायक! हातमा धरं का पाणी व्हई जास!"

"हो का," नाना म्हणाले. ओसरीवरचे लोक 'आहाहा' करत होते.

"नाना, जरा वर धरा," मागून कुणीतरी म्हणालं, "आम्हाला डोंगर दिसत नाही."

नानांनी हात आणखी वर केला.