आण्णांची गाडी आणि चार महिन्यांचा नियम

आमच्या समोरचे आण्णा मगदूम चातुर्मासात वाहनात बसत नाहीत. हा नियम त्यांनी देवळात चारचौघांसमोर घेतलाय, त्यामुळे सांगलीतल्या आमच्या गल्लीला तो आपोआप लागू झालाय. "आण्णा, सोडू का?" असं त्या चार महिन्यांत कुणी त्यांना विचारायचं नाही.

आषाढात त्यांच्या गाडीवर ताडपत्री चढते, ती कार्तिकात निघते. तोवर बॅटरी पार झोपलेली असते. दर वर्षी. गॅरेजवाल्यानं एकदा सुचवलं, "आण्णा, झाकायच्या आधी बॅटरीची एक वायर सोडून ठेवा की."

"उपास मी धरलाय," आण्णा म्हणाले. "तिला कशाला धरायला लावू?"

मग हाक मला. मी साधा शाळामास्तर, पण एका गाडीवरून दुसरी चालू करायची केबल गल्लीत फक्त माझ्याकडे.

पाच मिनिटांचं काम. आण्णांकडे त्याला दोन तास लागतात. आधी किटलीतल्या कढत पाण्यानं बॅटरीच्या टोकांवरची पांढरी भुकटी धुवायची. मग धोतराच्या जुन्या फडक्यानं ती टोकं न्हाऊ घातलेल्या बाळासारखी पुसायची. मग माझी गाडी तोंडाला तोंड लावून उभी करायची. "लाल आधी, काळी मागनं," हे ते मला बारा वर्षं शिकवतायत. केबल माझी असून. माझं इंजिन सुरू झालं की मला खुर्ची मिळते. "घाई न्हाई, मास्तर. दोघींला जरा बोलू द्या."

बॅटरी मेली, असं म्हटलेलं त्यांना खपत नाही. "मेली न्हाई. बसलीया." गाडी सुरू झाल्यावर मी एकदा पंखा लावला, तर माझा हात धरला. "आत्ता उठलीया. लगीच कामाला लावता?" त्यानंतर तिला हरिपूरपर्यंत फिरवून आणायची, शेजारी मला बसवून, हॉर्न न वाजवता. एक सायकलवाला आम्हाला मागं टाकून गेला. "जाऊ दे," आण्णा म्हणाले, "त्याला बॅटरी न्हाई."

हे सगळं मी स्टाफरूममध्ये रंगवून सांगत आलोय. पुढचं मात्र बायकोलाही सांगितलेलं नाही.

गेल्या श्रावणात एका रविवारी सकाळी सहाला आण्णांचा फोन आला. बायको कऱ्हाडला माहेरी गेलेली.

"मास्तर, केबल घिऊन या. अक्काला मिरजेत दवाखान्यात ठिवलंय. सातला ऑपरेशनला नेणार. आण्णा आल्याबिगर आत जायची न्हाई म्हणती."

अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. आण्णांची बायको गेल्यापासून, जेवलास का विचारायला दोन्ही वेळा फोन करणारं एकच माणूस.

"आणि नियम?" मी विचारलं.

"नियम माझा हाय. अक्का नियमाच्या आधीची हाय."

बाहेर पाऊस. माझ्या डोळ्यांपुढं ती किटली आली, ती खुर्ची आली. मी अंथरुणातूनच म्हणालो, "आण्णा, मी साताऱ्यात आहे."

"बरं बरं. सावकाश या," ते म्हणाले.

मी पडद्याआडून बघत राहिलो. त्यांनी ताडपत्री ओढून काढली, किटली आणली, टोकं धुतली, पुसली. किल्ली फिरवली की नुसतं टक्क. पुन्हा पुसली. पुन्हा टक्क. मग छत्री घेऊन ते चालत निघाले. तेव्हासुद्धा मला धावत जाता आलं असतं. पण मग साताऱ्याचं काय सांगणार होतो?

ते पोचले तेव्हा साडेसात वाजून गेले होते. अक्काला आत नेलं होतं. ती शुद्धीवर आलीच नाही; तिसऱ्या दिवशी गेली. मी भेटायला गेलो तेव्हा आण्णा एवढंच म्हणाले, "रिक्षा लवकर गावली न्हाई." मी म्हणालो, "पावसाचे दिवस." माझ्या तोंडून हे दोन शब्द निघाले.

भाद्रपदात पर्युषण संपलं की आण्णांच्यात, म्हणजे जैनांच्यात, क्षमावणीचा दिवस असतो. वर्षभरात ज्याला दुखावलं असेल त्याच्याकडं जाऊन हात जोडायचे. त्या दिवशी संध्याकाळी आण्णा आमच्या दारात उभे राहिले.

"मास्तर, क्षमा करा. म्हैनाभर मी तुमाला मनात लय वाईट बोललोय."

"का हो?"

"त्या दिवशी तुमची चप्पल पायरीवर हुती."

मी पायरीकडं बघितलं.

"मग दार का नाही वाजवलंत?"

"माणूस न्हाई म्हणतोय, तर दार कशाला वाजवायचं?"

"मी घरातच होतो, आण्णा. आळस केला. क्षमा मी मागायची, तुम्ही कसली मागताय?"

"तुमचं तुमी बघा. मी माझं सांगायला आलोय." ते आत येऊन बसले. "अक्का गेली. आता तुमच्यावरबी राग धरला तर मी बोलायचं कुणासंगं?"

मी मान खाली घालून बसलो होतो. खिडकीतलं ऊन भिंतीवर चढलं होतं. सूर्य बुडाल्यावर आण्णा पाणीसुद्धा घेत नाहीत.

"उठा, मास्तर," ते म्हणाले. "दिस हाय तवर च्या टाका. एकट्यापुरता करून करून चव गेलीया."