साळवेभाऊंची न पाहिलेली मालिका

आमच्या कॉलनीत टीव्हीवरच्या मालिकांबद्दल सगळ्यात ठाम मतं कुणाची असतील, तर ती साळवेभाऊंची. आणि साळवेभाऊंनी आयुष्यात एकही मालिका पाहिलेली नव्हती. एक भाग नाही, अर्धा भाग नाही, जाता-जाता खिडकीतून डोकावूनसुद्धा नाही.

पाहणार तरी कधी? मालिका लागायच्या संध्याकाळी, आणि साळवेभाऊ कायम सेकंड शिफ्टला. दुपारी तीनला आत, रात्री अकराला बाहेर. सुट्टी गुरुवारी, आणि नेमकी त्याच दिवशी मालिका नसायची. बाकीच्यांची पाळी दर आठवड्याला बदलायची. ज्याला सेकंड नको असेल त्याची हे आनंदानं मागून घ्यायचे. विचारलं तर म्हणायचे, "फर्स्टला पहाटं पाचला उठाया म्या काय कोंबडा हाय का वहिनी? मान्साला सकाळ घरी मिळाया पायजे."

तर ही घरी मिळालेली सकाळ ते आमच्या दारात घालवत. नऊच्या ठोक्याला हजर. हातात स्वतःच्या घरून करून आणलेला चहा, कपावर बशी झाकलेली. आमचा चहा चालायचा नाही, "तुमी साखर चोरता" म्हणून. उंबऱ्याशी स्टूल ओढायचं, बशीत चहा ओतायचा आणि हुकूम सोडायचा, "हां वहिनी. सांगा. काल काय झालं?"

आता मला सांगा, मी काय कीर्तनकार आहे? इमारतीत पहिला टीव्ही आमच्याकडे आला हा काय माझा गुन्हा? आमचे हे कंपनीच्या टाइम ऑफिसात, हप्त्यानं घेऊन बसले. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी वीस-पंचवीस माणसं घरात. पोरं पुढे, बाया मध्ये, पुरुष भिंतीला टेकून, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शेंगांची टरफलं झाडायला मी एकटी. ती झाडता-झाडता मला या गृहस्थांना कालचा भाग सांगायचा!

बरं, ऐकून गप्प बसतील तर साळवेभाऊ कसले. उलटतपासणी सुरू. एक गुप्त पोलिसाची मालिका लागायची. मी सांगितलं की तो खुन्याच्या घरी गेला, चहा घेतला, निघाला.

"परत चहा?"

"परत म्हणजे?"

"मागल्या हप्त्यात दोनदा घेतला हुता. त्यो इन्स्पेक्टर कामाचा न्हाई. आमच्या खात्यात असा मानूस असता तर सुपरवायझरनं पहिल्या हप्त्यात मेमो दिला असता. आपल्याला न्हाई पटलं."

हे त्यांचं पालुपद. आपल्याला न्हाई पटलं. एका मालिकेतली शाळामास्तरीण तीन आठवडे रडतेय हे पटलं नाही, "बाई शाळेत जातीया कवा?" दुसरीत नायक नोकरी सोडतो ते तर मुळीच पटलं नाही. "ग्रॅच्युइटीचा इचार केला का त्यानं?" म्हणून दोन दिवस चिंतेत होते. उचलली जीभ लावली टाळ्याला! वर ही मतं कंपनीच्या बसमध्ये सांगायचे, मालिका स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेल्या माणसांशी भांडायचे, आणि जिंकायचे. तिसऱ्या मजल्यावरचे मोरे एकदा चिडून आमच्या यांना म्हणाले, "अहो, मी पाहिलंय ते मला खोटं वाटायला लागलं!"

माझा सगळ्यात मोठा छळ व्हायचा तो साडीवरून. "त्या बाईची साडी कंच्या रंगाची हुती?"

"भाऊ, टीव्ही काळा-पांढरा आहे."

"त्ये हाय. पर साडीला रंग असंलच की."

"करडा!" मी ओरडायची. दर वेळी करडा. मग ते मान हलवायचे, चहाचा शेवटचा घोट घ्यायचे आणि पुटपुटायचे, "कौसल्या बरोबर सांगायची."

कौसल्याबाई म्हणजे त्यांची बायको. तिच्याबद्दल सांगायचं तर आधी साळवेभाऊंच्या बोटांबद्दल सांगायला हवं.

साळवेभाऊ पॉवर प्रेसवर. म्हणजे पत्रा दाबून कापणारं यंत्र. पत्रा ठेवायचा, हात काढायचा, पायानं पट्टी दाबायची. दिवसातून हजारदा. एकदा हा क्रम चुकला की बोट गेलं. आमच्या भागात सात बोटांचा नमस्कार करणारी माणसं पुष्कळ होती. स्थळं बघायला येणारे मुलींचे बाप मुलाचा पगार नंतर विचारायचे, आधी हात बघायचे. अशा खात्यात साळवेभाऊंनी वीस वर्षं काढली होती, आणि कुणीही भेटलं की ते दोन्ही पंजे पसरून दाखवायचे, "दहाच्या दहा!" बारशाला गेले तरी तेच, मयताला गेले तरी तेच.

त्या दोघांना मूलबाळ नव्हतं. गाव चाकणजवळचं महाळुंगे, तिथं भाऊबंद. इथं ही दोघंच. कौसल्याबाई संध्याकाळी माझ्या शेजारी बसून टीव्ही बघायच्या आणि सकाळी चहाबरोबर नवऱ्याला सगळं सांगायच्या.

तेव्हा मंगळवारी एक मालिका लागायची, आम्ही तिला नुसतं 'पोस्टमास्तर' म्हणायचो. एका खेड्यातला पोस्टमास्तर, सगळ्या गावाची पत्रं वाटणारा. त्याचा मुलगा भांडून घर सोडून जातो, आणि गावभर पत्रं वाटणाऱ्या बापाला मुलाचं एक पत्र येत नाही. त्यात एका भागात पोस्टमास्तरांची गाय विहिरीत पडून मेली. अख्खी खोली हुंदके देत होती. मी स्वतः पदर ओला केला, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाटी परत द्यायला कौसल्याबाईंकडे गेले तर आतून आवाज, "मग समद्यांनी दोर लावला, आन् गाय निगाली वर! अंग झटकलं आन् हंबरली!"

मी दारातच थिजले. साळवेभाऊ अंघोळीला गेल्यावर तिला गाठलं. "अगं बाई, गाय मेली की काल! काय सांगितलंस त्यांना?"

तिनं मला हाताला धरून आत ओढलं. "हळू बोला. त्यांना तीन वाजता प्रेसवर बसायचंय. डोक्यात मेलेली गाय घिऊन बसले आन् हात खालीच ऱ्हायला तर? म्या त्यांना वंगाळ कायबी सांगत न्हाई. तुमीबी सांगू नका, शपथ हाय."

आणि मग तिचं सुरूच राहिलं. गाय नुसती वाचली नाही, पुढच्या महिन्यात व्यालीसुद्धा. मालिकेत आजारानं गेलेली पोस्टमास्तरांची म्हातारी आई तिच्या तोंडी बरी झाली. शेवटच्या भागात खरं तर मुलगा येतच नाही. पोस्टमास्तर निवृत्त होतात, पोस्टाच्या किल्ल्या देऊन टाकतात आणि रिकामे घरी येऊन बसतात. कौसल्याबाईंनी मात्र मुलाला घरी आणलं. एकटा नाही, लग्न करून, बायकोला मोरपंखी साडी नेसवून.

मालिका संपली, आणि वर्षभरात कौसल्याबाई गेल्या. साध्या तापाचं निमित्त झालं, आठ दिवसांत सगळं आटोपलं. महिनाभर साळवेभाऊंचं दार आतून बंद. कामावर जायचे आणि यायचे, बस. मग एका सकाळी नऊच्या ठोक्याला माझ्या दारात कपावर बशी झाकून उभे राहिले. म्हणाले, "वहिनी, काल काय झालं हो टीव्हीत?" मी हातातला झाडू खाली ठेवला आणि सांगायला बसले. तेव्हापासून बसतेच आहे. मी कितीही करवादले तरी एखाद्या सकाळी ते नाही आले, तर माझंच लक्ष दाराकडे लागायचं.

त्यानंतर नव्या मालिका किती आल्या आणि गेल्या, साळवेभाऊंना एकही पटली नाही. "पोस्टमास्तरची सर न्हाई. ती गाय व्यायली तवा..." की मोरे उसळायचे, "मेली हो ती! विहिरीत मेली!" "व्यायली." "मी पाहिलंय!" "नीट पाहिलं नसंल." आणि पोराच्या घरी येण्यावरून तर जिन्यात हमरीतुमरी व्हायची. सगळे मला साक्षीला बोलवायचे. मी, जिच्या जिभेला हाड नाही म्हणून कॉलनीत ख्याती, ती तेवढ्यापुरती दूध उतू जातंय म्हणून आत पळायची.

आणि एक दिवस बातमी आली. 'पोस्टमास्तर' पुन्हा दाखवणार. आणि वार कोणता? गुरुवार! आमच्याकडच्या कारखान्यांची सुट्टी गुरुवारची, आणि वीजही हमखास त्याच दिवशी जायची. मोऱ्यांनी जिन्यात आरोळी ठोकली, "आता सोक्षमोक्ष! साळवे, गाय तुमच्यासमोर मारून दाखवतो!"

हसण्यावारी जाणारी गोष्ट नव्हती ती. ज्या बायकोच्या शब्दावर हा माणूस इतकी वर्षं जगाशी भांडला, ती त्याच्याशी दर बुधवारी खोटं बोलत होती, हे त्याला पंचवीस माणसांच्या गर्दीत, माझ्याच घरात कळणार होतं. मग उरलं काय त्याच्याकडे?

नशिबानं साळवेभाऊ दर गुरुवारी महाळुंग्याला पळायला लागले. कधी भावाची भिंत पडली, कधी पुतण्याला बघायला पाहुणे आले. गाय त्यांच्यामागे मेली. मी सुटकेचा श्वास टाकला. पण शेवटच्या गुरुवारी मोऱ्यांनी त्यांना एस. टी. स्टँडवरून अक्षरशः बखोटीला धरून आणलं आणि टीव्हीसमोर पहिल्या रांगेत, पोरांच्या मधोमध बसवलं. साळवेभाऊ मांडी घालून, हात मांडीवर ठेवून, मुंजीतल्या बटूसारखे बसले.

मालिकेची धून सुरू झाली. मी "दुधाचं बघते" म्हणून उठले, तडक जिना उतरून खाली गेले आणि मीटरच्या फळीवरचा आमचा फ्यूज उपसून काढला.

वर एकच गलका. "गेली!" "गुरुवार आहे, जाणारच!" मी जिन्याखाली भिंतीला पाठ लावून उभी. एवढा भाग अंधारात गेला की झालं, असा माझा हिशेब. पण वरून पावलं आली. साळवेभाऊ. काडी ओढली आणि माझ्या हातांकडे बघितलं. मी फ्यूज चोरट्यासारखा पाठीमागे धरलेला.

"वहिनी, समोरच्या इमारतीत दिवे हायत. द्या त्ये हिकडं."

"भाऊ, नका बघू. त्यात काय बघायचंय? तुम्हाला सगळं ठाऊकच आहे."

"व्हय. ठावं हाय. पोरगा येत न्हाई."

काडी विझली.

"तवाच ठावं हुतं," ते म्हणाले. "तीनला आत जाताना फर्स्टची मान्सं भायेर पडायची. कार्ड पंच करता-करता समद्यांच्या तोंडी त्येच असायचं. गाय मेली, त्ये म्या बुधवारी प्रेसवर बसायच्या आधीच ऐकलं."

"अहो, मग तिला बोलला का नाहीत?"

"कशापायी? रातभर जुळवायची बिचारी. सांगताना तिचं त्वांड बघाया पायजे हुतं तुमी. समदी गाय एकटीनं वढून काढल्यावानी घाम यायचा तिला." ते हसले. "आन् प्रेसवर बसताना म्या तिचंच खरं धरायचो. गाय जित्ती. मग हात बरूबर निगायचा."

अंधारात त्यांचा हात पुढे आला. चाचपून पाहिलं तर पाचही बोटं पसरलेली. मी रडले, तिथंच, मीटरला टेकून. लाज कसली त्यात?

"मग आज तरी कशाला बघता?" मी नाक पुसत विचारलं.

"आता पळालो तर तिला मीच खोटी पाडल्यावानी हुईल. द्या."

मी फ्यूज दिला. त्यांनी तो खटकन बसवला. वर पोरांनी टाळ्या वाजवल्या.

शेवटचा भाग झाला. पोस्टमास्तरांनी किल्ल्या दिल्या, घरी आले, ओसरीवर बसले. कुणी आलं नाही. पडद्यावर नावं सरकायला लागली आणि मोरे उड्या मारतच उठले, "काय साळवे? आला का पोरगा? बोला!"

सगळी खोली साळवेभाऊंकडे बघायला लागली. साळवेभाऊ सावकाश उठले, धोतर झटकलं.

"मागल्या खेपेला आला हुता," ते म्हणाले. "या खेपेला रजा मंजूर झाली नसंल."

खोलीत असा हशा पिकला की मोरेसुद्धा पोट धरून खाली बसले. "या माणसापुढे हात टेकले बाबा," म्हणाले, आणि वाद तिथंच मिटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टरफलं झाडत होते. नऊ वाजले. कपावर बशी झाकून साळवेभाऊ दारात. स्टूल ओढलं, बशीत चहा ओतला.

"हां वहिनी. सांगा. काल काय झालं?"

"अहो, काल तुम्ही स्वतः पाहिलंत की!"

"पाहिलं हो. पर तीनला कामावर जायचंय न्हवं?"

मी त्यांच्याकडे बघितलं. झाडू कोपऱ्यात ठेवला, हात पुसले आणि त्यांच्यासमोर खाली बसले.

"पोस्टमास्तर ओसरीवर बसले होते," मी सांगायला सुरुवात केली. "एवढ्यात फाटक वाजलं. बघतात तर मुलगा. आणि त्याच्या मागे, डोक्यावरून पदर घेतलेली सून."

साळवेभाऊंनी बशी खाली ठेवली.

"साडी कंच्या रंगाची?"

"मोरपंखी," मी म्हटलं.