लटारीभाऊची मुरमाची पट्टी

पायी चालणं हा गुन्हा आहे असं मानणारा चांद्यात एकच माणूस होता, आणि तो रोज माझ्या दुकानावरून जायचा. रस्त्यात कोणी पायी जाताना दिसला की लटारीभाऊ त्याच्यापुढे सायकल आडवी घालायचा, एक पाय जमिनीला टेकवायचा आणि पोलिसासारखा विचारायचा, "काऊन गा, पायदळ?"

त्याला उत्तर दिल्याशिवाय सुटका नसे. "जवळच जायचं आहे" म्हटलं तर, "जवळ जाले तं सायकल अजून बेस." "पायांना व्यायाम होतो" म्हटलं तर, "मंग पायडल का हातानं मारतेत?" आणि कोणी म्हणालाच की बाबा, माझ्याकडे सायकल नाही, तर तो माझ्या दुकानाकडे बोट दाखवायचा. "हे काय, शेठ बसून हायेत. भाड्यानं देतेत." ऐकणाऱ्याला वाटावं की हा माणूस मीच पगारावर ठेवलाय.

एकदा आमच्या आळीतला एक म्हातारा वारला. अंत्ययात्रेत लटारीभाऊ सायकल हातात धरून चालत होता. त्याच्या हिशेबी ही फार मोठी श्रद्धांजली. पण गावकुसाच्या बिनबा दरवाज्यापर्यंत येता येता त्याला राहवलं नाही. मृताचा जावई नागपूरहून आला होता, त्याच्या कानाशी जाऊन हा म्हणाला, "जावईबापू, नागपुरात तं सायकली बम असतीन. मंग तुमी काऊन पायदळ?" जावई रडायचा थांबला. त्याला हसू आवरेना, आणि सासरच्यांनी ते पुढे वर्षभर धरून ठेवलं.

लोक असल्या गोष्टी सांगून हसतात. मी हसत नाही. मला या माणसाचा राग आहे आणि तो का आहे हे मी सांगणार आहे.

मी या गावात डोक्यावर बांबूचे भारे वाहत आलो. कोणी हात दिला नाही, मी कोणाकडे मागितलाही नाही. एक मोडकी सायकल घेतली, ती घासून पुसून भाड्यानं दिली, आणि बिनबा दरवाज्याच्या आत दुकान उभं केलं. त्या बाजूला सायकलचं दुकान माझं एकच. घासाघिशीत मला हरवणारा माणूस चांद्यात जन्मायचा आहे. लटारीभाऊशी माझं पहिल्यापासून जमलं नाही ते एवढ्याचसाठी, की तो भाव करत नसे. सांगू ते देऊन जायचा. जो भाव करत नाही त्याच्या मनात काय आहे हे कळणार कसं?

तो लाकडाच्या डेपोत मोजणीदार होता. आलापल्लीच्या जंगलात बरीच वर्षं काढून इकडे बदलून आला होता. तिथं म्हणे तो सागवानाच्या रानातून सायकलनं हिंडायचा आणि अस्वलानं वाट अडवली तर घंटी वाजवायचा. अस्वलाला घंटी ऐकू आली असेल, पण चांद्याच्या बैलगाडीवाल्यांना आली नाही, आणि तिथून सगळं सुरू झालं.

त्याआधी त्याचा आणखी एक रोग सांगतो. कोणाचीही उभी सायकल दिसली की तो तिला हात लावायचा. सीताफळ चाचपावं तसं टायर चाचपायचा. खिशातून पाना काढून परक्या माणसाची सीट वर-खाली करायचा. हेडमास्तर आपल्या सायकलवर बसले आणि त्यांचे पाय जमिनीला लागेनात, तेव्हा अर्ध्या शाळेनं पाहिलं. एकदा तर त्यानं कोर्टासमोर उभ्या असलेल्या एका वकिलाच्या सायकलची हवा सोडली. का? तर टायर झिजला होता. "रस्त्यात फुटल्यापेक्षा इथीच बसलेली बरी." वकील सायकल ढकलत माझ्या दुकानात आले. म्हणाले, "काय शेठ, हवा सोडायला माणूस ठेवला का?" मी शपथेवर सांगितलं, तो माझा कोणी नाही. वकील हसले. साक्षीदार खोटं बोलताना सापडला की वकील जसे हसतात, तसे हसले.

तर बैलगाड्या. बिनबा दरवाज्यापासून इरई नदीच्या घाटापर्यंतचा रस्ता गाड्यांच्या चाकांवरच्या लोखंडी धावांनी असा कापून काढला होता की चाकोरीत सायकलचं चाक गेलं की माणूस हँडलवरून थेट पुढे. लटारीभाऊच्या डोक्यात आलं की रस्त्याच्या कडेनं सायकलपुरती एक मुरमाची पट्टी करायची. दर रविवारी श्रमदान. घरोघरी जाऊन त्यानं माणसं जमवली. शाळेतले गुरुजी, डेपोतले कारकून, दवाखान्यातली नर्सबाई, कॉलेजातली पोट्टी. घमेली, फावडी, मुरूम चोपायला धुमस. नर्सबाईला तर त्यानंच सायकल शिकवली होती, मागे सीट धरून धावत. सगळ्या गावाला तो असाच शिकवायचा. धावत धावत मध्येच हात सोडायचा, शिकणारा पुढे निघून जायचा आणि हा रस्त्यात उभा राहून हात वर करून ओरडायचा, "मांगं नको पाहू!"

पट्टी झाली. मान्य करतो, चांगली झाली. इतकी चांगली की बैलगाडीवाल्यांना मोह झाला. खड्ड्यातून जाण्यापेक्षा एक चाक पट्टीवर घालून जायचं. लटारीभाऊ आडवा उभा राहायचा, हात जोडायचा, शिव्या खायचा. गाडीवान म्हणायचे, "बैलाले सांग, भाऊ. आमी तं झोपून राह्यलो."

मग ठरलं की पट्टीचं उद्घाटन करायचं. रविवारी सकाळी सगळे सायकलवाले दरवाज्यातून निघून घाटापर्यंत जातील. मी दुकानाच्या पायरीवर उभा होतो. घंट्या वाजवत, हसत, ओळीनं गेले. पुढे लटारीभाऊ, पांढरी टोपी घालून.

थोड्या वेळानं ते परत आले. सगळेच्या सगळे पायी, सायकली ढकलत. एकाही चाकात हवा नव्हती. नर्सबाईचा गुडघा फुटला होता आणि लुगड्यावर रक्त होतं. पट्टीभर बाभळीचे काटे होते, नुसते पसरलेले नव्हे, मुरमात दाबून बसवलेले, दिसू नयेत असे.

आता ही सगळी मिरवणूक येणार कुठं? माझ्याच दुकानात. एक कारकून म्हणाला, "वा शेठ! धंदा बेस लावला."

मला आधी कळलंच नाही. मग गुरुजी म्हणाले, "लोकांच्या रस्त्यात काटे पेरून दुकान चालवायचं, हे बरं नाही." मागून एक पोट्टा ओरडला, "काटेशेठ!" आणि सगळे हसले.

मी लटारीभाऊकडे पाहिलं. तो मला ओळखत होता. मी भांडतो, भाव दोन पैसे जास्त सांगतो, पण सायकलच्या वाटेत काटा टाकणारा मी नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं. त्यानं नुसतं म्हणायचं होतं, "शेठ असं करणार नाहीत." सगळ्यांनी त्याचं ऐकलं असतं. तो आपल्या सायकलची चेन बघत उभा राहिला.

रागाच्या भरात मी दुकानाच्या फळ्या लावून घेतल्या. तर लोक म्हणाले, पाहा, पळाला.

त्या दिवसापासून मी काटेशेठ. माझ्या नावावर मी हे दुकान उभं केलं होतं आणि आता बाजारात भाजी घ्यायला गेलो तरी भाजीवाली विचारायची, "वांग्याचे काटे काढून देऊ का, शेठ?" मला एकच गोष्ट हवी होती. माझं नाव जिथं खराब झालं तिथंच ते साफ करून हवं होतं, आणि ते फक्त लटारीभाऊ करू शकत होता. मी सरळ डेपोत गेलो. तो ओंडक्यावर फीत लावून बसला होता.

"दरवाज्यापाशी सगळ्यांसमोर सांगायचं," मी म्हणालो, "की काटे शेठनं टाकले नाहीत."

"सांगतो."

"आणि कोणी टाकले तेही सांगायचं. तुला ठाऊक आहे. तुझ्या तोंडावर दिसतं."

त्यानं फीत गुंडाळली. "अर्धं देतो, शेठ. अर्धं नाई जमत."

आयुष्यात पहिल्यांदा हा माणूस माझ्याशी घासाघीस करत होता! मी ओरडलो, "अर्ध्यात मी काहीच देत नाही आणि घेतही नाही! नाव सांगितल्याशिवाय लोक मानणार नाहीत. पुरं पाहिजे!"

त्यानं फीत पुन्हा उलगडून ओंडक्याला लावली. मग म्हणाला, "बरं. पुरं देतो."

रविवारी लोक श्रमदानाला जमले तेव्हा तो दरवाज्याजवळच्या दगडावर चढला. "काटे शेठनं नाई टाकले. म्या टाकले. गाड्या अडवाले टाकले. माह्या ध्यानातच नाई आलं का सायकलीबी तिथूनच जातीन."

मग एकदम गलका झाला. गुरुजी म्हणाले, "लटारीभाऊ, बाईंचा गुडघा फुटला आणि तुम्ही आठवडाभर तोंड शिवून बसलात?" नर्सबाई सायकल वळवून निघून गेल्या, ते जास्त वाईट दिसलं. एकेक करून सगळ्यांनी घमेली खाली ठेवली. कारकून जाता जाता माझ्या पायरीशी येऊन म्हणाला, "माफ करा, शेठ."

माझं नाव साफ झालं. मला हवं ते सगळं मिळालं होतं. तरी माझा राग जाईना. मी धंदा करणारा माणूस आहे. समोरचा एकदम पुऱ्याला तयार झाला की मी माल उलटून पाहतो. जो माणूस परक्याच्या टायरमध्ये झीज बघून थांबतो, त्याला काटा आणि ट्यूब यांचं नातं कळलं नाही? हे मला पटवता?

पुढच्या रविवारी श्रमदानाला कोणी आलं नाही. त्याच्या पुढच्याही. मग एका दुपारी मीच दुकान बंद करून घाटाकडे निघालो, माल उलटून पाहायला.

घाटाच्या अलीकडे ढिवरांच्या झोपड्या आहेत. पहिल्याच झोपडीसमोर सोनाबाई जाळं सांधत बसली होती. म्हातारी मला ओळखत होती, तिचा मुलगा माझ्या दुकानासमोर मासे विकायचा. मला बघताच तिचा चेहरा फुलला.

"या जी शेठ! माहे काटे पाहाले आले?"

"तुझे काटे?"

"मंग कोनाचे? लटारीभाऊ म्हणे, बाई, गाडीवाले पट्टी तुडवून राह्यले, तू इथीच राहते, जरा रखवाली कर. म्या म्हटलं, रखवालीचं आमाले नको शिकवू, बावा." तिनं जाळं बाजूला ठेवलं. "माहं माहेर चामोर्शीकडचं, तलावावरचं. तलावात मासे झाले का चोर रातच्याले जाळी टाकतेत. मंग आमी बाभळीच्या फांद्या पाण्यात बुडवून ठेवतो. दिसाले नाई पायजे! चोराचं जाळं फाटलं का तो दुसऱ्यांदा येत नाई. तसेच टाकले म्या, दिवसभर बसून, दाबून दाबून. बैलाच्या खुरात गेला काटा तं गाडीवान पुन्हा येईन का?"

"आणि सायकली?" मी विचारलं.

"सायकलले का खूर असते, शेठ?"

मी वाकून चपलेत रुतलेला काटा काढला.

"लटारीभाऊ म्हणे लय बेस काम केलं, बाई," सोनाबाई सांगत होती. "गावानं आमाले कदी बलावलं होतं का कोन्या कामाले? यानं बलावलं. आता म्हणते काटे जुने झाले, काढून नवे टाकतो. म्या म्हटलं मी करतो, तं म्हणते तू जाळं सांध. रोज डेपो सुटला का येते. घरी तरी कोन हाय त्याच्या? बायको गेली, पोरगी दिली तिकडं सिरोंच्याले. आता गावातले लोकबी येत नाईत त्याच्यासंगं. कामं असतीन त्यायले."

पट्टीच्या टोकाला लटारीभाऊ उकिडवा बसला होता. मुरूम बोटांनी उकरून एकेक काटा काढत होता आणि डब्यात टाकत होता. मी जाऊन त्याच्यापुढे उभा राहिलो आणि सुरू झालो. काय काय बोललो ते इथं लिहिता येणार नाही. तो खाली मान घालून काटे काढत राहिला.

"माझ्या नावावर का ढकललंस?" शेवटी मी विचारलं.

"म्या कुठी ढकललं? लोकायनं ढकललं. म्या फक्त तिथंच राहू देलं." त्यानं बोटातला काटा दातानं ओढून काढला. "तुमचा आवाज मोठा हाय, शेठ. तुमी भांडता, निभावून नेता. म्हातारीले काईच ठाऊक नाई, त्या रविवारी ते घरी नव्हती, अन् पोराले म्या चूप राहाले सांगितलं. तिचं नाव निघालं असतं तं तिच्या पोराचे मासे कोनी घेतले असते का?"

"मग मला येऊन विचारायचं होतंस!"

"तुमी हो म्हटलं असतं?"

"कधीच नाही!"

"मंग?"

मी त्याच्यासमोर खाली बसलो, केवळ उभं राहून ओरडताना घसा दुखत होता म्हणून. हेडमास्तरांच्या सीटपासून सुरुवात केली. वकिलाची हवा, नागपूरचा जावई, माझी बुडालेली इज्जत, त्याचं ते पोलिसासारखं विचारणं, सगळं त्याच्या पदरात घातलं. बोलता बोलता हाताला लागले ते काटे मीही उपटत होतो, कारण राग आला की माझे हात गप्प बसत नाहीत. रस्त्यानं दोन कारकून सायकलवरून गेले. दोघांनाही यानंच शिकवलं होतं. त्यांनी घंटी वाजवली नाही. लटारीभाऊनं मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं, ते वळणापलीकडे जाईपर्यंत पाहिलं, आणि पुन्हा मुरमात बोटं घातली.

माझ्या शिव्या संपल्या. मी श्वास घ्यायला थांबलो.

त्याची बोटंही मुरमात थांबली. मग जरा घाबऱ्या आवाजात म्हणाला, "बोला ना, शेठ. चूप काऊन झाले?"