नानांच्या नावाची बाटली

नाना तांडेल भेटले की नमस्कार नंतर, आधी कंबर मोजत. खिशात जाळ्याच्या दोऱ्याचा गाठी मारलेला तुकडा. बोईसरच्या आमच्या कारखान्यात साहेब असो की हमाल, "हात वर!" म्हणत दोरा पोटाभोवती फिरे आणि निकाल लागे. "चा कमी कर. नायतर पाय कापतील."

सातपाटीत, त्यांच्या कोळीवाड्यात, थोरल्या भावाचा पाय साखरेच्या आजारानं कापला होता. तेव्हापासून नानांनी साखर सोडली. "होडीला इंजिन आलं, वल्ही सुटली. आता खुर्चीत बसून गोड चा! त्यात बापाला असली तर संपलंच."

सगळे हसत. मी जरा कमी. माझे वडील साखरेनंच गेलेले.

ऐंशी-पंच्याऐंशीचा सुमार. मला नोकरीत कायम करायचं होतं, त्याआधी लघवीची तपासणी. नानांची दरवर्षीची होती. दवाखान्याबाहेरच्या बाकावर आमच्या बाटल्या शेजारी शेजारी, नावाच्या चिठ्ठ्यांचा डिंक अजून ओला. नाना कंपाउंडरची कंबर मोजायला आत गेले, आणि मी चिठ्ठ्या बदलल्या. नानांइतकी खात्रीची बाटली अख्ख्या बोईसरात नव्हती.

कंपाउंडरनं औषध घालून नळ्या तापवल्या. नानांच्या नावाची निळी राहिली, म्हणजे साखर नाही. माझ्या नावाची विटकरी झाली.

ती विटकरी नळी नानांची होती, हे जगात फक्त मला ठाऊक. बोललो असतो तर फसवणुकीपायी नोकरी गेली असती; गप्प राहिलो तर निदान फेरतपासणीची संधी होती.

नानांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "घाबरू नको, बाला. मी हाय ना."

दुसऱ्या दिवसापासून ते सातपाटीहून रोज माझ्यासाठी कारल्याचा रस आणू लागले. स्वतः मात्र निळ्या नळीच्या आनंदात चहात तीन चमचे साखर घालू लागले. "मला आता मुभा हाय!" महिन्याने माझी फेरतपासणी निळी आली, मी कायम झालो. नाना नाचायचेच बाकी होते. "कारल्यानं केला निळा! आता सोडायचं नाय." म्हणजे मी कडू पीत होतो, ते गोड. नाना तहानेनं सारखे माठाकडे जाताना दिसत, मी नजर फिरवी. उद्या सांगू, उद्या सांगू म्हणत वर्ष काढलं; त्यांची पुढची तपासणी तोंडावर आली.

मग एका सकाळी नाना लंगडत आले. अंगठ्याला चप्पल चावली होती, तीन आठवडे जखम सुकत नव्हती. "बरी होईल," म्हणत त्यांनी रसाचा कप पुढे केला. मी तो घेतला, पण ओठाला लावला नाही. मी सगळं सांगून टाकलं.

नाना खिशातला दोरा बोटाला गुंडाळत राहिले. मी थोबाडीत बसायची वाट पाहत होतो.

"म्हंजे तुला नाय?"

"नाही, नाना."

"नक्की? बापाला व्हती तुझ्या."

"दोन्ही वेळा निळीच होती."

"मंग बरं," त्यांनी सुस्कारा सोडला. "वर्षभर तुझाच घोर हुता मला."

पुढे अंगठा गेला, पाय राहिला. पण त्या सकाळी त्यांनी माझ्या हातातला कप काढून घेतला, एका दमात रिकामा केला आणि तोंड वेडंवाकडं केलं.

"शी! वर्षभर हे पीत हुतास? आन मला बोलला पन नाय?"