रुमालाखालचं उत्तर

आमच्या औरंगपुऱ्यातल्या कॉम्प्युटर क्लासमध्ये तेजराव नाना एंटर दाबल्या दाबल्या स्क्रीनवर रुमाल टाकतात. थोडं थांबतात, घसा खाकरतात आणि मग जरीच्या साडीची घडी उलगडावी तसा रुमाल सावकाश बाजूला करतात. खाली उत्तर केव्हाचं येऊन बसलेलं असतं.

नाना मूळचे गंगापूरचे. सगळं आयुष्य गुलमंडीत कापडाच्या दुकानात गेलं. आता मुलगा पुण्यात, बायको वारलेली. म्हणून माझ्याकडे पायथन ही कॉम्प्युटरची भाषा शिकायला येतात. अगदी पहिलीच्या मुलांना द्यावीत तशी गणितं असतात. दोन आकड्यांची बेरीज करणारं फंक्शन, म्हणजे नाव घेतलं की ठरलेलं काम करणारा छोटा प्रोग्रॅम, लिहा, आकडा सम की विषम ते सांगणारं लिहा. फंक्शनला नाव द्या म्हटलं की नाना कापडाचं देतात. बेरजेचं मांजरपाट, कारण ते रोज लागतं. सम-विषमचं पॉपलीन, का, ते त्यांनाही सांगता आलेलं नाही.

पण कॉम्प्युटर फटकन उत्तर देतो, हे काही त्यांना सहन होत नाही. "लई घाई करतंय हे, ताई. गिऱ्हाइकानं भाव इचारला की आधी तागा उलगडायचा. हात फिरवायचा. मग बोलायचं." दुकानाच्या गादीवर बसून, चहा घेत, तास तासभर साड्या बघणाऱ्या बायका मीही लहानपणी आईबरोबर पाहिल्यात. फार छान दिवस होते ते. त्यामुळे रुमालाला मी कधी हरकत घेतली नाही.

परवाचं गणित होतं, हाक मारली की ओ देणारं फंक्शन. नाना बराच वेळ कीबोर्डकडे बघत बसले. मग कापड सोडून त्यांनी नाव दिलं, 'ऐकलं का'. बायकोचं नाव त्यांनी उभ्या जन्मात घेतलं नव्हतं; घरात हीच हाक असायची.

एंटर दाबलं, उत्तर लगेच आलं. नानांचा चेहरा उतरला.

"असं नाय, ताई. ती सैपाकघरात असायची. यायला येळ लागायचा. तेवढं जमंल का?"

मी थोडं थांबायला सांगणारी एक ओळ मध्ये घातली. नानांनी एंटर दाबलं. रुमाल खिशातच राहिला. स्क्रीन कोरी होती, आणि नाना शर्टाची कॉलर नीट करत दाराकडे बघत होते. मग त्यांनीच लिहून ठेवलेलं उत्तर उमटलं: 'आले. हात ओले हायेत.'

क्लास बंद करायची वेळ झाली होती. नानांनी पुन्हा एंटर दाबलं. मी किल्ल्या पर्समध्ये ठेवल्या आणि त्यांच्याशेजारी वाट बघत बसले.