जपानी सुरी आणि निर्मळचं केळफूल

“हत्यार कसं धरावं हे ज्याच्या रक्तातच असतं, त्याला कोणी शिकवावं लागत नाही!” असं सुधाकररावांनी जाहीर केलं, तेव्हा यमुनाबाईंनी नुसता पदर खोचला. नवऱ्याच्या रक्तात काय आहे हे त्यांना लग्नापासून ठाऊक होतं. पेन्सिल तासताना अंगठा कापून घेणारा अख्ख्या विरारमधला हा एकमेव गृहस्थ!

हत्यार म्हणजे होणाऱ्या जावयाची सुरी. कौस्तुभ जपानात स्वयंपाक शिकून आलेला. काल त्याने होणाऱ्या सासरी येऊन झकास घोळ मासा करून घातला आणि जाताना सुरी विसरून गेला. सुधाकररावांच्या लेकीला, उन्नतीला, फोनवर म्हणाला, “उद्या येऊन नेतो. तोवर कुणी हात लावू नका, प्लीज. माझ्या गुरुजींनी निरोप देताना दिलीय ती.”

आता असं सांगितल्यावर हात न लावणारा माणूस जन्माला यायचाय!

उन्नती कामावर गेल्याबरोबर सुधाकररावांनी सुरीला गुंडाळलेलं फडकं सोडलं. हाताने ठोकून घडवलेलं जाडजूड पातं, त्यावर हातोडीचे बारीक खळगे, खाली लखलखती धार आणि अष्टकोनी लाकडी मूठ! उचलली तर वरवंट्यासारखी जड. सगळा भार पुढे पात्यात. मूठ मात्र तळव्यात माप देऊन शिवल्यासारखी बसली.

“अगं, जोर लावावाच लागत नाही! आपल्या वजनानेच खाली जाते!”

“म्हणूनच ठेवून द्या,” यमुनाबाई म्हणाल्या.

पण ओट्यावर निर्मळच्या वाडीतून क्लेमेंटीनने पाठवलेलं केळफूल त्यांनी निवडून ठेवलं होतं. सुधाकररावांनी सुरी नुसती टेकवली. खच्च! पुन्हा खच्च! बघता बघता ताटभर भाजी! खुशीत त्यांनी सुरी तशीच ओट्यावर टाकली आणि चहा प्यायला बसले. परत येऊन बघतात तो पातं काळंनिळं! शाईत बुडवून काढल्यासारखं!

“मेलो!”

“अहो, केळफुलाचा चीक तो. लोखंड आहे, रंगणारच. माझी विळी नाही का काळी पडत?”

“विळी? अगं, ही जपानी सुरी आहे! तुझ्या विळीची अक्कल हिला लावू नकोस!”

साखरपुडा आठवड्यावर आलेला. उमेळ्याचा हॉल ठरलेला. आणि जिला हात लावू नका म्हणून मुलाने विनवलं, ती सुरी सासऱ्याने काळी करून ठेवलेली! एका भाजीपायी पोरीचं लग्न मोडणार, या विचाराने सुधाकररावांनी घर डोक्यावर घेतलं. किती खुशीत होती बिचारी!

शेजारच्या हंसावहिनी आरडाओरडा ऐकून धावत आल्या. “भावजी, चिंच चोळा चिंच! माजा तांब्याचा हंडा बगा कसा लखलखतो! पानी नका लावू!”

चिंच चोळली. काळ्याचं जांभळं झालं. मग लिंबू चोळलं, तर जांभळ्यावर मोरपंखी छटा उमटली! “आता बरी दिसते की,” म्हणत हंसावहिनींनी काढता पाय घेतला, आणि बेल वाजली.

दारात कौस्तुभ! सुधाकररावांनी सुरी पाठीमागे लपवली.

“काका, मागे काय आहे?”

“कुठे काय!”

“काका, हळूच पुढे आणा. ती पाठीमागे धरायची वस्तू नाही.”

सुधाकररावांनी एका दमात सगळं ओकून टाकलं. कौस्तुभने सुरी खिडकीशी नेली, उजेडात तिरपी धरली, आणि निरखून निरखून बघू लागला! सुधाकररावांनी हात जोडले. “जावईबापू, काय शिक्षा करायची ती मला करा, पण उन्नतीला नको!”

“काका, अहो, डिट्टो गुरुजींच्या सुरीचा रंग! हे पोलाद वापरून वापरून असंच रंगतं, मग गंज कमी धरतं. मी फार जपायचो म्हणून माझी कोरीच राहिली. गुरुजी मला हसायचे!”

सुधाकरराव धपकन स्टुलावर बसले, डोळे पुसले, आणि एवढा मोठा सुस्कारा सोडला की कॅलेंडर हललं. पण श्वास जागेवर येताच ते ताठ झाले. “मी हिला तेच सांगत होतो! लोखंड आहे, रंगणारच! विळी नाही का काळी पडत?”

यमुनाबाईंनी त्यांच्याकडे एकदाच पाहिलं.

“मग काका, साखरपुड्याला केळफुलाचीच भाजी करू या! तुम्हीच चिरा, याच सुरीने!”

“अरे, आनंदाने!” सुधाकरराव गहिवरून म्हणाले. साखरपुडा होतोय, आणखी काय हवं!

तोवर यमुनाबाईंनी निर्मळला फोन लावलासुद्धा होता. “हॅलो, क्लेमेंटीन? केळफुलं पाठव, अख्ख्या हॉलला पुरतील एवढी. काय? निवडून? नको गं, तशीच दे. निवडायलाही आमचे हेच बसणार आहेत!”